मधे बसवलेली माणसं

“आत घेतंय आन् लगीच भाईर हाकलतंय.”

“कुणाला?”

“आईला.”

“कोन हाकलतंय?”

“मशीन, अवो! दुसरं कोन हाकलंल तिला? पासवर्ड टाकला की पडदा काळा हुतो, वाटतंय आता उघडलं, आन् परत तेच त्वांड पुढं. म्हनतंय, नाव सांगा.”

मुगालूनं फोन कान आणि खांदा यांच्यात दाबून धरला होता, कारण त्याचे दोन्ही हात एका लॅपटॉपच्या पोटात होते. “पासवर्ड चुकला असं म्हनतंय का?”

“कायबी म्हनत न्हाई. गप आत घेतंय, गप भाईर काढतंय. तुमच्या थोरल्या चुलत्यावानी.”

“बंद करून चालू केलं?”

“आईनं केलं, मी केलं, झेरॉक्सला आलेल्या मास्तरानंबी केलं. रस्त्यानं जानारा एकबी मानूस सोडला न्हाई.” नान्तेझा जरा थांबली. नवऱ्याला अवघड गोष्ट सांगायच्या आधी ती अशीच थांबायची. “म्हातारे काबुये गेलेत, ठाऊक हाय न्हवं? दुपारी माती. मातीच्या कार्यक्रमाची पुस्तिका छापायची ऱ्हायलीय, आन् ती आईच्या खात्यात हाय. तवा तुमी या. आन् दुसरं असं, की आई आतच हाय. गुडघा सुजलाय तिचा. उठवत न्हाई.”

मुगालूनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मशीन बिघडणं त्याला रोजचं होतं. सासू आत असणं रोजचं नव्हतं.

मसाका शहराकडच्या गावांत जावई आणि सासू एका खोलीत बसत नाहीत. समोरासमोर जेवत नाहीत, हातातून हातात वस्तू देत नाहीत, एकाच्या खुर्चीवर दुसरा टेकत नाही. मोडलं की हात कापायला लागतात आणि मरेपर्यंत कापतात. त्या थरथरीला ओबुको म्हणतात. डॉक्टर काही का म्हणेनात, एखाद्या म्हाताऱ्याचा चहा बशीत सांडायला लागला, की गाव मनातल्या मनात त्याच्या सासुरवाडीचा हिशेब मांडतं. मुगालूचे हात म्हणजे त्याची भाकरी. केसाएवढी तार बोटांनी डकवायची, तर कापून कसं भागेल?

तो हे काम शिकला मिशनच्या शाळेत. परदेशातून कुणीतरी टाकून दिलेली मशीनं तिथं येऊन पडली होती आणि त्यातली निम्मी मेलेली होती. फादरनी त्यांच्यावर लिनक्स घालून ती उठवली आणि पोरांना शिकवलं. बाकीची पोरं टंकलेखन शिकून शहरात गेली. मुगालूला मशीन चालू असलं की करमायचं नाही, बंद पडलं की करमायचं. पुढं तालुक्यात जुनं मशीन कुणीही घेतलं, तरी आत लिनक्स मुगालूच घालायचा. लोक त्याला लिनक्स म्हणत नसत, ‘मुगालूचं’ म्हणत. “हे साधं हाय का मुगालूचं?” असं विचारत.

सासूच्या दुकानातलंही मुगालूचंच. सासूचं नाव तेओपिस्ता, पण जुळ्यांची आई म्हणून अख्खा बाजार तिला नालोंगो म्हणे. बाजारपेठेच्या टोकाला तिचं टंकलेखनाचं दुकान. लग्न, बारसं, मयत, जे काही कागदावर यायचं ते तिच्या हातातून यायचं. मशीन आजारी पडलं की ती मागच्या दारानं शेजारणीकडं जायची, मुगालू पुढच्या दारानं यायचा. येताना फणसाच्या लाकडाचं बुटकं स्टूल मोटरसायकलला बांधून आणायचा, कारण दुकानात एकच खुर्ची आणि ती नालोंगोची. काम झालं की तो स्टूल उचलून जायचा, मग ती यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनी एकमेकांचं तोंड धड पाहिलं नव्हतं. संबंध फार चांगले होते.

तो पोचला तेव्हा दुकानाच्या ओसरीवर काबुयेंचा पुतण्या बसला होता. रस्त्यापलीकडचा छपाईवाला आपल्या दारात उभा राहून दात कोरत होता. त्याचं मशीन चालू होतं आणि सगळ्यांना दिसेल असं चालू होतं.

“जावईबापू आलं का?” आतून, झेरॉक्सच्या यंत्रामागनं, आवाज आला.

“आलं,” नान्तेझा दारातून म्हणाली.

“त्यास्नी म्हनावं, प्रवास बरा झाला न्हवं?”

“प्रवास बरा झाला का इचारतीया.”

“बरा झाला म्हन. गुडघा कसा हाय इचार.”

“गुडघा कसा हाय इचारत्यात.”

“ऐकलं मी. सुजलाय म्हन.”

“सुजलाय.”

“ऐकलं.”

पुतण्या म्हणाला, “तुमचं हे व्हईस्तवर आमचा म्हातारा उठून बसंल.”

त्याची घाई खोटी नव्हती. काबुयेंना दोन घरं होती, दोन्ही घरांना थोरले मुलगे होते आणि थडग्यापाशी आधी कोण बोलणार यावर दोन दिवस भांडण झालं होतं. शेवटी फादरना मधे घालून क्रम ठरला. नालोंगोनं तो टंकला, दोन्ही मुलांनी पडद्यावर वाचला आणि मान डोलावली. आता तो क्रम मशीनच्या आत होता आणि मशीन मालकिणीलाच आत राहू देत नव्हतं. दोन वाजता पुस्तिका हातात नसली, तर क्रम ज्याला जसा आठवेल तसा. काबुयेंच्या दोन्ही मुलांची स्मरणशक्ती दांडगी होती आणि मनगटंही.

मुगालूनं ओसरीवर खिडकीखाली स्टूल मांडलं. नान्तेझानं पडदा खिडकीकडं वळवला, कीबोर्डची तार सोडवून तो चौकटीवर ठेवला आणि हात मागं घेतला. मग मुगालूनं तो उचलला. पडद्यावर नावांची यादी होती, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, एकाखाली एक. तो चमकला. मागच्या खेपेला या पडद्यावर दोनच नावं होती, मुगालू आणि त्याच्या लगेच खाली नालोंगो. दुरुस्तीसाठी त्यानं स्वतःचं खातं ठेवलं होतं, तेवढंच. आता दोघांच्या मधे आणखी तीन नावं होती. मुवांगा, नाकिवाला, नाक्कू.

गिऱ्हाइकांची असतील म्हणून त्यानं तो विषय बाजूला ठेवला.

“तिला म्हन, पासवर्ड सांग.”

“अवो, मोठ्यानं कसा सांगायचा? समोर तो दात कोरतोय.”

नान्तेझानं आईच्या कानाशी तोंड नेलं, येऊन खिडकीतून हात बाहेर काढून पासवर्ड स्वतः टंकला. पडदा काळा झाला. पुतण्यानं मान पुढं काढली. परत तीच पाच नावं, एकाखाली एक, शहाण्यासारखी.

“कुलूप बरोबर हाय,” मुगालू म्हणाला. “किल्लीबी बरोबर हाय. उंबऱ्याच्या आत कायतरी आडवं पडलंय.”

त्यानं तीन कळा एकदम दाबल्या. चित्रं, रंग, नावं सगळं गेलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उरली. ओसरीवर जमलेल्या बघ्यांपैकी कुणीतरी तोंडावर हात ठेवला.

“मेलं?” पुतण्यानं विचारलं.

“न्हाई. पावडर पुसलीय. ह्ये त्याचं खरं त्वांड.”

या दारानं मुगालू स्वतःच्या नावानं आत गेला. हे दार साधं असतं, सजवलेली खोली मागत नाही, म्हणून बहुधा उघडतं. त्यानं जागा किती उरली ते विचारलं. मशीननं सांगितलं, काहीच नाही. आतली चकती, म्हणजे हार्ड डिस्क, काठोकाठ भरली होती. माणूस आत आला की मशीनला त्याच्या नावची एक बारकी चिठ्ठी लिहून ठेवावी लागते, आणि ती चिठ्ठी ठेवायलाही बोटभर जागा नव्हती. चिठ्ठी नाही म्हणून खोली नाही, खोली नाही म्हणून परत बाहेर.

मग त्यानं विचारलं, कुणी खाल्लं? उत्तर आलं, मुवांगानं, नाकिवालानं आणि नाक्कूनं. तिघांनी सारखंच, अगदी तोलून. चौथा वाटेकरी होता तो स्वतः.

“ही तिघं कोन?” तो म्हणाला. “काढून टाकू का? एका मिनिटात जागा हुईल.”

नान्तेझानं हे आत सांगायची गरज पडली नाही.

“माझ्या आजीला, नाक्कूला काढनार?” यंत्रामागनं आवाज आला. “त्यास्नी इचार पोरी, आजीनं काय वाकडं केलं त्यांचं? नाकिवाला आत्यानं तर हे लगीन जुळवलं. आन् मुवांगा माझा मेलेला भाऊ, तो उठून भांडायला येनार न्हाई म्हनून त्याला काढायचं व्हय?”

मुगालूनं हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. हळूहळू नान्तेझानं आईच्या पोटातून काढलं ते असं. महिन्यापूर्वी तिच्या प्रार्थनामंडळातल्या बाया दुकानात आल्या होत्या. एकीनं पडदा पाहिला आणि म्हणाली, ‘अगं नालोंगो, तू आन् तुझा जावई एका बाकावर? मांडीला मांडी लावून?’ नालोंगोला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी चहाचा कप उचलताना हात हलल्यासारखा वाटला. आता, जावयाबरोबर एका छपराखाली बसायची वेळच आली, तर मधे माणसं बसवायची ही रीत आहे. तिनं बसवली. खातं कसं काढायचं हे तिला नान्तेझाकरवी मुगालूनंच कधीतरी शिकवलं होतं. क्रमात दोघांच्या बरोबर मधे येतील अशी नावं तिनं घराण्यातनं निवडून काढली.

“ते ठीक हाय,” मुगालू म्हणाला. “पन रिकाम्या खात्याला जागा लागत न्हाई. ह्यांनी खाल्लं काय एवढं?”

नालोंगो म्हणाली, “मानसं बसायला बोलावली आन् पुढ्यात कायबी ठेवलं न्हाई, असं आपल्या घरात कधी झालंय का?”

तिच्याकडं मशीनमधे वाढण्यासारखं जे सगळ्यात मोठं आणि गोड होतं, ते तिनं वाढलं होतं. नान्तेझाच्या मागणीच्या समारंभाची फिल्म. पाहुणे फाटकातून येतात इथपासून ते शेवटची बकरी गाडीतून उतरते इथपर्यंत, काहीही न कापता. आख्खी फिल्म प्रत्येकाच्या पानात. पंक्तीत चौघं बसलेले असताना तिघांनाच कसं वाढायचं, म्हणून एक जावयाच्या पानातही.

मुगालूनं स्वतःचं खातं उघडून पाहिलं. होती. महिनाभर होती, आणि उरलीसुरली जागा रोजच्या कामानं कालपर्यंत पुरली होती. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणार कसं?

पुतण्या उठला. “ती फाईल पेनड्राइव्हच्या काडीवर काढून द्या मला. समोर छापतो.”

समोरच्यानं दातातली काडी टाकली.

“द्या म्हनावं,” नालोंगो म्हणाली. “काबुयेच्या दोन्ही लग्नांची पत्रकं मी छापली, दोन्ही बायका मान खाली घालून ह्याच ओसरीवर बसल्या. आता माती समोर छापा. मी लंगडी म्हातारी काय करनार?”

नान्तेझानं नवऱ्याकडं पाहिलं. ते बघणं ओळखीचं होतं. हे काम बिघडलं तर ती माहेरी जाणार नव्हती, माहेर तिच्या घरी येणार होतं.

“माझंच नाव काढतो,” मुगालू म्हणाला. “मी गेलो की बाक मोकळा. मधे कुनाची गरज न्हाई.”

“आन् मशीन बिघडलं की?” आतून आलं. “शिवाय जावयाला घराभाईर काढला, हे बाजारात कुनी सांगायचं? मी?”

तेही खरं होतं. विचार करताना मुगालू स्टुलाच्या पायाला टाच लावून बसायचा, तसा बसला. पुतण्या घड्याळ बघत होता. शेजारच्या घरातून केळी उकडल्याचा वास येत होता.

“तिला इचार,” तो म्हणाला, “तुमच्या आजीच्या घरात केळी उकडली की कशी वाढायची?”

“कशी म्हंजी? पानावर.”

“एकेकाला येगळं पान?”

“येगळं कशाला? एकच मोठं पान मधे. सगळी भवतीनं बसून खात्यात. येगळं पान म्हंजी सोयरीक तुटली.”

“मग हितं येगळी पानं का मांडलीस म्हनावं?”

झेरॉक्सच्या यंत्राला टेकलेली काठी खाली पडल्याचा आवाज आला. मग, “त्यास्नी म्हन, एका पानात वाढता येत असंल तर वाढा. पन जावयाचा हात आन् माझा हात एका पानात नगं. मी जेवलीय म्हनावं.”

“ती जेवलीय,” नान्तेझा म्हणाली.

“ऐकलं.”

मुगालूनं फिल्मची एक प्रत सगळ्यांच्या खात्यांबाहेर, मोकळ्या अंगणात ठेवली. बाकीच्या पुसल्या. मुवांगा, नाकिवाला, नाक्कू आणि स्वतः, प्रत्येकाच्या खात्यात तिथं पोचणारी नुसती वाट ठेवली. वाटेला जागा लागत नाही. कुणीही उघडली तरी फिल्म आख्खी दिसणार, पाहुणे, बकऱ्या सगळं. नालोंगोच्या खात्यात वाट ठेवली नाही. ती जेवली होती.

त्यानं पुन्हा तीन कळा दाबल्या. पावडर लावून पडदा परत आला. पाच नावं, त्याच क्रमानं. नान्तेझानं पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला आणि जुळ्यांचं चित्र असलेली नालोंगोची खोली उघडली. उघडली ती उघडीच राहिली.

“घेतलं का आत?” नालोंगोनं विचारलं.

“घेतलं.”

“मग बडबड कशाला? कागद घाल.”

छपाईयंत्र करकरायला लागलं. पुतण्यानं पहिली पुस्तिका ओढून घेतली, क्रमाच्या पानावर बोट ठेवलं, दोन ओळी वाचल्या आणि घडी न घालता बाकीच्या पुस्तिकांची वाट बघत उभा राहिला. समोरचा नवी काडी शोधायला आत गेला.

मुगालूनं कीबोर्ड चौकटीवर ठेवला. त्याच चौकटीवर नान्तेझानं केळीच्या पानाचं गरम पुडकं ठेवलं, वर शेंगदाण्याच्या आमटीची छोटी किटली. “शेजारनीकडनं मागवलंय. आई म्हनतीया, घरी जाऊन खावा. हितं नगं.”

“हितं कसं खानार?”

“तेच म्हनतीया ती.”

त्यानं पुडकं आणि किटली मोटरसायकलच्या डब्यात ठेवली, वर स्टूल बांधलं. आतून आवाज आला, “त्यास्नी म्हन, नाक्कूचं काम संपलं न्हाई. ती हाय तिथंच बसंल.”

“बसू दे म्हन.”

तालुक्याच्या रस्त्यावर माती उडत होती. त्याच्या स्वतःच्या दुकानात लॅपटॉप पोट उघडून पडला होता, स्क्रू बाटलीच्या बुचात होते तसेच होते. बाकावर दवाखान्यातली नर्स मशीन मांडीवर घेऊन बसली होती.

“काय झालंय?” मुगालूनं विचारलं.

“आत घेत न्हाई.”

“घेतच न्हाई, का घेऊन भाईर काढतंय?”

“तेवढं बघितलं न्हाई.”

“बघून सांगा,” तो म्हणाला. किटली टेबलाखाली ठेवून त्यानं स्क्रू ड्रायव्हर उचलला.