सोपानभाऊंचं स्टूल

सोपानभाऊ गेल्याचं मंगळवारी कळलं. दोनच दिवस आधी, रविवारी, ते आजारी म्हणून मी खोडदला त्यांच्या घरी जाऊन आलो होतो. वहिनींनी चहा टाकला होता आणि मी उभ्या उभ्याच म्हणालो होतो, "दुकान उघडं टाकून आलोय, भाऊ. पुढच्या रविवारी निवांत बसू." ते नुसते हसले...

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर, त्या प्रचंड अँटेनांवर, ते फिटर होते. आमचं जुन्नरच्या पेठेत स्टेशनरीचं दुकान. नव्वद सालानंतर कधीतरी ते रंग घ्यायला आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "शेठ, एक वाक्प्रचार द्या. चित्र काढतो." मी म्हटलं, डोक्यावर मिरी वाटणं. काउंटरवर वह्या घेणाऱ्या बाईंनाही त्यांनी मनात येईल तो शब्द मागितला. त्या म्हणाल्या, टमाटा. पुढच्या रविवारी चित्र हजर. टमाट्याच्या क्रेटवर एक गृहस्थ बसलेला, त्याच्या डोक्यावर पाटा आणि पाट्यापुढे ठाण मांडून मिरी वाटणारी बायको! तेव्हापासून हा खेळच झाला. वाक्प्रचार माझा, शब्द गिऱ्हाइकाचा. आकाशाला गवसणी घालताना त्यांनी अख्ख्या अँटेनाला तंबोऱ्यासारखी खोळ चढवली आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "लई कापड लागलं, शेठ."

मग एका जूनमध्ये, शाळा उघडायच्या गर्दीत, त्यांनी नेहमीसारखा वाक्प्रचार मागितला आणि मी भडकलो. "भाऊ, पुरे आता हा पोरखेळ. लोक खोळंबलेत." चारचौघांत बोललो. ते म्हणाले, "बरं, ऱ्हायलं." पुन्हा कधी मागितलं नाही. दर रविवारी येत मात्र होते. एखादी रंगाची बाटली घ्यायची, तासभर स्टुलावर बसायचं आणि माझी गिऱ्हाइकांशी चाललेली बडबड ऐकायची. रंग कशाला नेता, हे मी एकदाही विचारलं नाही. माझा स्वभावच तसा, माल खपतोय ना, मग झालं.

तेराव्यानंतर वहिनींनी एक गठ्ठा आणून दिला. ऑफिसात रद्दी झालेले, कडेला भोकं असलेले कॉम्प्युटरचे कागद. कोऱ्या बाजूला चित्रं, आकड्यांच्या बाजूला पेन्सिलीनं एकेक वाक्य. एकेक वाचत गेलो. सगळी वाक्यं माझी होती. "सुटे नाहीत, खोडरबर घ्या." "पावसानं वह्या फुगल्या." फुगलेल्या वह्या खोडदच्या शेतांवरून फुग्यांसारख्या उडत चालल्या होत्या... खेळ मी थांबवला होता, त्यांनी नव्हता. इतकी वर्षं मी नकळत शब्द देत होतो. मला लाज वाटली, आणि अजून वाटते.

सगळ्यात खालच्या कागदावर लिहिलं होतं, "पुढच्या रविवारी निवांत बसू."

वहिनी म्हणाल्या, "दोन दिस मांडीवर पाट घिऊन काढत व्हते. म्या म्हनलं, पडा जरा. तर म्हनले, शेठ यायच्या आत व्हायला पायजे."

चित्रात आमचं दुकान आहे. काउंटरच्या मागे कुणी नाही. पुढे दोन स्टुलं, दोन कप. प्रत्यक्षात आमच्याकडे स्टूल एकच. काउंटर सोडून त्यांच्या शेजारी मी कधी बसलोच नव्हतो. सोपानभाऊ निळ्या शर्टात, पूर्ण रंगवलेले. शेजारी मी, नुसती पेन्सिलीची रेघ. माझ्यापर्यंत रंग पोचलाच नाही.

ते चित्र मी काउंटरच्या वर लावलंय. दुसरं स्टूलही आणलं. रविवारी त्यावर जाऊन बसतो. निळ्या शर्टातले हे कोण, असं गिऱ्हाइकं विचारतात. त्यांच्या शेजारी कोण बसलंय, हे अजून कुणी विचारलेलं नाही.