मुद्दाम केलं असतं तर

माझ्या धाकट्या बहिणीचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही मला उगीच समंजस समजाल. ती अमरावतीला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, मी अकोल्याला वकिली करते. शेतीची दशा झाली, गावंच्या गावं खचली, त्या वर्षांत खेड्यापाड्यांत समुपदेशक पाठवायला सुरुवात झाली आणि बहिणीच्या दाराशी जीप येऊ लागली. भातकुलीकडच्या गावांत ती पारावर जाऊन बसायची आणि बाया तिच्यापाशी रडून मोकळ्या व्हायच्या. माझ्यापाशी रडायला कुणी येत नसे. माझ्याकडे लोक यायचे ते शेजाऱ्याला धडा शिकवायला.

बाबांना तिचं भारी कौतुक. ते जन्मभर अमरावतीच्या कोर्टात कारकून होते, आणि मी वकील झाले ती निम्मी त्यांच्यासाठी. पण मी कोर्टातलं काही सांगू लागले की ते नुसतं ‘हं, हं’ करत, आणि बहीण बोलू लागली की रेडिओ बंद करत. संत्र्यांच्या दिवसांत तर मला घरी जाणंच नको वाटे. जेवणं झाली की बाबा टोपली घेऊन बसत. एक संत्रं सोलत, त्याचे पांढरे धागे काढत आणि फोडी बहिणीच्या हातावर ठेवत. मग दुसरं उचलून तसंच, सालीसकट, माझ्याकडे सरकवत. दर वर्षी, दर वेळी. मी मुकाट्यानं सोलून खात असे आणि ते गोड निघालं की आणखी राग येत असे.

एका वर्षी दसऱ्याच्या थोडं आधी बाळापूरकडची एक बाई माझ्याकडे आली. नवरा सुरतेला कामाला, आणि हिनं एकटीनं दसऱ्यासाठी झेंडू लावला होता. तो ऐन कळीवर असताना जळून गेला. त्यांच्या गावात फवारणीचा पंप सगळ्यांकडे नव्हता. ज्याच्याकडे असेल त्याचा गावभर फिरायचा, आणि रीत अशी की नेणाऱ्यानं परत करताना तो धुऊन द्यायचा. त्यामुळे आणलेला पंप धुतलेलाच आहे असं धरून चालत. उघडून, हुंगून पाहणं म्हणजे देणाऱ्यावर संशय घेतल्यासारखं. हिनं झेंडूवर कीडनाशक मारायला चुलत दिराचा पंप आणला. त्या दिरानं त्याआधी त्याच पंपानं स्वतःच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तणनाशक मारलं होतं. पंप त्याचाच, तो कुणाला परत करणार? म्हणून धुतलाच गेला नव्हता. त्या दोघांत धुऱ्यावरून जुनी कुरबूर होतीच.

“त्यानं जानूनबुजून केलं, वकीलबाई,” ती म्हणाली. “तेवढं कोर्टातून लिहून आना.”

मी तिला कायदा समजावून सांगितला. कोर्ट आधी विचारतं, नुकसान करायचा उद्देश होता का? नसेल तर असं होईल हे माहीत होतं का? तेही नसेल तर नुसती हयगय उरते, आणि हयगयीची फार तर भरपाई मागता येते.

“भरपाई नाई पायजे मले. मुद्दाम केलं, एवढंच पायजे.”

मी मनातून खूश झाले. उद्देश सिद्ध करणं ही वकिलीतली सगळ्यात अवघड गोष्ट. माणसाच्या डोक्यात शिरून तिथलं बाहेर आणायचं आणि न्यायाधीशांसमोर मांडायचं. ही केस मला हवी होती. ती जिंकून मी बाबांना सांगणार होते, आणि बाबा रेडिओ बंद करणार होते.

नेमकी त्याच आठवड्यात बहीण कसल्याशा प्रशिक्षणासाठी अकोल्याला आली आणि माझ्याकडे उतरली. माझं ऑफिस घराच्या पुढच्या खोलीत. ती बाई पुन्हा आली होती आणि मी तिच्या दिराशी झालेली जुनी भांडणं एकेक करून टिपून घेत होते. बहीण चहा घेऊन आली ती तिथंच बसली. थोडा वेळ तिनं ऐकून घेतलं आणि मग अगदी सहज विचारलं, “पंपात औषध कोणी भरलं होतं?”

बाईनं हातातला कप खाली ठेवला. “मीनंच,” ती म्हणाली.

“फवारलं कोणी?”

“मीनंच. याच हातानं. एक एक झाड पाहूपाहू फवारलं मी.”

आणि ती रडू लागली. माझ्या ऑफिसात, माझ्या टेबलासमोर, माझ्या बहिणीचा हात धरून. मी चहावर धरलेली साय बघत बसले.

ती गेल्यावर बहीण म्हणाली, “ताई, त्याला शिक्षा व्हावी, असं काही तिला नको आहे. त्यानं मुद्दाम केलेलं नसेल, तर सगळा दोष हिच्या हातांवर येतो. तेच तिला सोसवत नाही. गुन्हेगार सापडला की माणसाला झोप तरी लागते.”

“तुमच्या शास्त्राला साक्षीपुरावा लागत नाही, बरं आहे,” मी म्हणाले.

ती हसली आणि कप विसळायला गेली. तिचं बरोबर होतं, हेच मला सहन होत नव्हतं. मी त्या बाईला सगळं विचारलं होतं, एवढं सोडून.

दसरा झाल्यावर बाई परत आली. दारातूनच विचारलं, “तुमची बहीण हाये का?” नाही म्हटल्यावर जरा हिरमुसली, मग बसली. ती सरळ दिराच्या घरी गेली होती. त्याला तोंडावर विचारलं होतं.

“घरचाच पंप, म्हून धुवाचं ध्यानातच नाई आलं म्हने. मान खाली घालून बसला होता.”

“खोटं बोलत असेल,” मी आशेनं म्हणाले.

“नाई वो. तोंड पाह्यलं मी त्याचं.” ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “दुश्मन निघाला असता त बरं झालं असतं. आता कोनावर रागावू मी?”

केस तिथंच संपली. दिवाळीला अमरावतीला गेले तेव्हा जेवताना मी बाबांना हे सगळं सांगितलं. रेडिओ चालू होता. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि बहिणीकडे वळून विचारलं, “मंग तू काय म्हनलं तिले?”

जेवणानंतर टोपली आली. तिच्या हातावर फोडी, माझ्यापुढे अख्खं संत्रं. त्या दिवशी मला राहवलं नाही. उलटतपासणीच्या आवाजात मी विचारलं, “बाबा, तिला सोलून आणि मला असंच, हे काहून?”

बाबा खरोखरच गोंधळले. “तुले सोललेलं चालते कुठी? लहानपनी सोलून देल्लं त फेकून देल्लं तुनं. माह्या हातानंच सोलीन म्हनून किती रडली. तवापासून मी तुह्या संत्र्याले हात नाई लावत.”

मला यातलं काही आठवत नव्हतं. आईनं आतून दुजोरा दिला, “फोडी पलंगाखाली गेल्या होत्या. मुंग्या लागल्या.” उद्देश नव्हता, हयगयही नव्हती. उलट माझाच शब्द हा माणूस इतकी वर्षं पाळत आला होता. एवढ्या वर्षांचा माझा राग, आणि समोर आरोपीच नाही. मला त्या बाळापूरच्या बाईची फार आठवण झाली.

मी माझं संत्रं बाबांपुढे सरकवलं. “आज सोलून द्या,” म्हटलं.

बाबांना आनंद झाला. त्यांनी ते नीट सोललं, एकेक धागा काढला, रेडिओवरच्या बातम्या ऐकता ऐकता फोडी मोकळ्या केल्या आणि बहिणीच्या हातावर ठेवल्या.

मुद्दाम नाही. हे मी शपथेवर सांगू शकते.