मंगळाचा राखणदार

आयसाला दर उन्हाळ्यात सहा आठवडे मंगळावर नोकरी असे. उरलेलं वर्षभर तो गावातली कचऱ्याची गाडी चालवी, आणि दोन्हींत फारसा फरक नाही असं त्याचं मत होतं. दोन्हीकडे लोक करून ठेवायचे आणि हा निस्तरायचा.

हा मंगळ म्हणजे उत्तर ध्रुवाकडचं डेव्हन बेट. नुसते दगड आणि धूळ, गवताची काडी शोधावी लागते. म्हणून दक्षिणेकडच्या शहाण्या लोकांनी मंगळाच्या सरावासाठी तिथं एक पांढरा गोल डबा उभा केला आणि आपण मंगळावर उतरलो असं ठरवून टाकलं. आत सहा जण राहायचे. बाहेर पडायचं तर अवजड पोशाख, डोक्यावर काचेची हंडी, आणि हवा बदलतेय असं धरून दाराच्या खोलीत पंधरा मिनिटं उभं राहायचं. पृथ्वीला काही विचारलं तर उत्तर मुद्दाम वीस मिनिटं उशिरा यायचं. अस्वलांना मात्र हे कुणी कळवलेलं नव्हतं, म्हणून बंदूक घेऊन आयसा. मंगळावर माणूस नसतो, तेव्हा त्यानं फोटोत यायचं नाही, त्यांच्या वॉकीटॉकीवर बोलायचं नाही, वीस पावलं मागे राहायचं. आयसाला त्याचं नवल नव्हतं. त्याच्या आईला लहानपणी सरकारनं बोटीत घालून या उत्तरेला आणून सोडलं, तेव्हाही ही जमीन रिकामी आहे असंच सांगितलं होतं.

त्या वर्षी त्याचा जीव गावात अडकला होता. त्याचा सासरा कादलू कर्करोगानं झिजत चालला होता. आयसा चार वर्षांचा असताना त्याचा बाप बर्फाखाली गेला. बंदूक कशी धरायची, पायाखालचा बर्फ कसा ओळखायचा, सगळं कादलूनं शिकवलं, आणि पुढे मुलगीही दिली. गावात अस्वलाच्या शिकारीच्या परवान्यांच्या ठरावीक चिठ्ठ्या दरवर्षी सोडतीनं निघतात. अकरा वर्षांत कादलूचं नाव निघालं नव्हतं, ते त्या उन्हाळ्यात निघालं. यादीत खालून दुसरं. समुद्र गोठला की मला स्लेजवर बांधून ने, गोळी मी मारीन, असं म्हाताऱ्यानं जावयाकडून कबूल करून घेतलं. डॉक्टर नाताळापर्यंतचं बोलत होते.

नियम असा, की जीव वाचवायला मारलेलं अस्वलही गावाच्या वाट्यातून जातं. लहान असो की मोठं, माणसाच्या हातून एक मेलं की यादीतलं शेवटचं नाव खोडायचं. शेवटचं नाव दुकानातल्या पौलूसीचं होतं. ते खोडलं गेलं तर पुढचा नंबर कादलूचा.

निघताना म्हातारा खोकत म्हणाला, "काय जावईबापू, मंगळावर उगाच नेम धरू नका. तिथं जनावर नसतं म्हणतात."

डब्यामागे खरकट्या पाण्याचं पिंप होतं. त्यात तळणाचं तेल जायचं आणि वारा तो वास थेट किनाऱ्यापर्यंत न्यायचा. आयसानं डब्याच्या कमांडरला तीनदा सांगितलं. कमांडरनं तीनदा लिहून घेतलं आणि पृथ्वीला कळवलं. वीस मिनिटांनी उत्तर आलं की पुढच्या बैठकीत विषय घेऊ.

बैठकीआधी अस्वल आलं. पाचव्या आठवड्यात, भर दुपारी. रेनाटा नावाची दगडांची अभ्यासक बाई एका खडकावर वाकून ठोकत होती, तिच्याबरोबर बाहेर पडलेले तिघं लांब होते. अस्वल ओढ्याच्या काठावरून वर चढलं. वॉकीटॉकी आयसाला दिलेलाच नव्हता; त्यानं घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, हवेत दोन बार काढले. हंडीतल्या पंख्याच्या घरघरीत बाईला काहीच ऐकू गेलं नाही. अस्वलाला ऐकू गेलं, पण भुकेपुढं त्यानं पर्वा केली नाही. ते तिच्यापासून तीस पावलांवर आलं तेव्हा आयसानं गोळी घातली. मादी होती. पौलूसीचं नाव गेलं.

थंड पडायच्या आत सोलायला हवी होती. तिघं पोशाखवाले हात लोंबकळत उभे राहिले. हातमोजे काढायला परवानगी लागते म्हणाले, आणि कमांडरला विचारायला परत गेले. रेनाटानं मात्र हंडी काढून दगडावर आपटली आणि अस्वलाचा पाय धरून बसली. नियमाप्रमाणे ती त्याच क्षणी हवा नसल्यानं मेली, आणि कमांडरनं संध्याकाळी तशी नोंदही केली.

अर्धी सोलून झाली तेव्हा ओढ्याच्या खोलगटातून आवाज आला. रेनाटानं मान वर केली. आयसाला न बघताच कळलं. मादीच्या थानांत दूध होतं, आणि ते पाहिल्यापासून तो हाच आवाज येऊ नये म्हणून मनाशी विनवत होता. पिल्लू या वर्षीचंच होतं. आईच्या रक्ताचा वास घेत ते पुढे यायचं, घाबरून मागे पळायचं, आणि रडायचं.

कुठं पाठवता येईल का, असं रेनाटानं विचारलं. विमान आठ दिवसांनी, तोवर ते जगायचं नाही, आयसा म्हणाला. मग त्यानं तिला कादलूच्या चिठ्ठीबद्दल सांगितलं. गावाबाहेरच्या माणसाला तो असलं कधी सांगत नसे.

"बाकीच्यांनी ते पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "मी तर मेलेलीच आहे. तू नुसता निघून ये."

"किती दिवस लागतील त्याला?"

"मला काय माहीत?"

"मला माहीत आहे," आयसा म्हणाला.

त्यानं थरमासमधला चहा ओतून घेतला आणि तो निवेपर्यंत हातात धरून बसला. जनावराला हालहाल होऊन मरायला सोडायचं नाही, ही कादलूची पहिली शिकवण. पण त्याच कादलूची शिकार आता या पिल्लाच्या जिवावर टांगलेली होती. आयुष्यात आयसाला कुणाचा एवढा राग आला नव्हता; पिंपाचा, कमांडरचा, त्या वीस मिनिटांचा, आणि सर्वांत जास्त थानांतलं दूध टिपणाऱ्या आपल्याच नजरेचा. मग चहा तसाच टाकून तो उठला आणि खोलगटाच्या दिशेनं गेला. एकच गोळी लागली.

गावी आल्यावर त्यानं सगळं सांगितलं, रेनाटाचे शब्दसुद्धा. बायको मीका मधेच उठून आत गेली. कादलू खिडकीशी बसून ऐकत होता.

"केवढं होतं?"

"कुत्र्याहून थोडं मोठं."

"ओरडत होतं?"

"हो, बाबा."

"मग बरोबर केलंस," म्हातारा म्हणाला, आणि पौलूसीकडे मांसाचा वाटा पोचला का ते विचारलं.

गावानंही तेच म्हटलं. कुणी आयसाला उणा शब्द बोललं नाही. यादीतून दोन नावं खोडली गेली, आणि ऑक्टोबरात समुद्र गोठायच्या आधीच कादलू गेला.

जायच्या दोन दिवस आधी आयसा त्याला कूस बदलायला मदत करत होता. म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं. अंगात तेवढीच ताकद उरली होती.

"तुला मी बरोबर शिकवलं," तो म्हणाला. "पण आयसा, तुझ्या जागी मी असतो ना, तर त्या पिल्लाला सोडून आलो असतो रे."