छायफंगचा चोथा

चीनमधल्या शाओशिंग गावी, दगडी पुलाच्या गल्लीत कुणाला काय झालंय हे आधी थोंग छायफंगला कळे, मग वैद्याला, आणि सगळ्यात शेवटी त्या आजारी माणसाला. काढा उकळून झाला की उरलेला चोथा रस्त्यावर टाकायचा, येणाऱ्याजाणाऱ्यांनी तो तुडवायचा आणि दुखणं पायाला लावून न्यायचं, अशी तिथली रीत. छायफंग तो तुडवत नसे, वाचत असे. "धाकट्या सुनेची पाळी लांबलेली दिसते," असं ती भाजी निवडता निवडता सांगे. वर्षानुवर्षं ऐकून शेजारणीही बऱ्यापैकी साक्षर झाल्या होत्या.

चौकातल्या संध्याकाळच्या नाचाची पुढची जागाही तिचीच. वय ती सेहेचाळीस सांगे, आणि गेली बरीच वर्षं त्यावर ठाम होती. पाळी जाताना ज्यांच्या अंगातून वाफा निघतात त्यांनी मागच्या रांगेत जावं, तिथे वारा बरा लागतो, हा नियम तिनेच केला होता. केला तेव्हा शेजारची फान सूचन नुकतीच वाफाळू लागली होती.

आता वाफा छायफंगला येऊ लागल्या. नवऱ्याने, लाओ छिउने, "मीठ जरा..." एवढं म्हटलं की ती रडे, आणि तो गप्प बसला तर जास्त रडे. शेवटी ती येनबाईंकडे गेली. येनबाई फक्त बायकांना तपासत. त्यांनी दोन्ही हातांची नाडी धरली.

"वय?"

"सेहेचाळीस."

"नाडी काही तसं म्हणत नाहीये," असं म्हणून त्यांनी गहू, ज्येष्ठमध आणि लाल बोरं लिहून दिली. "आणि चोथा केराच्या डब्यात टाक. रस्ता घाण करू नकोस."

डब्यातून दुखणं जाणार कसं? ते तिथेच बसून राहणार. पण गहू आणि बोरं रस्त्यावर दिसली, तर डोळे मिटूनसुद्धा गल्ली ओळखणार, आणि पुढची जागा गेली. म्हणून तिने गहू-बोरं वेचून काढली आणि उरलेल्या ज्येष्ठमधात छिउच्या कंबरदुखीच्या काढ्याची साल कालवून तो चोथा रस्त्यावर टाकला. ही साल मोडली की आत पांढरे तंतू ताणले जातात. पुरुषाचा चोथा म्हणून कोण बघतंय, असा तिचा हिशोब. तीच साल गर्भ टिकवायलाही देतात हे तिला माहीत होतं. गल्लीला तिनेच शिकवलं होतं. पण वाफ चढली की माणसाला स्वतःचेच धडे आठवत नाहीत.

दुपारी फान सूचन काळ्या कोंबडीचं सूप घेऊन दारात उभी.

"ताई, बसा, उठू नका. येनबाईंकडून निघताना पाहिलं होतं तुम्हाला, पण म्हटलं तीन महिने होईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"कसले तीन महिने?"

"आता माझ्यापासून काय लपवायचं? साल पाहिली मी. छिउभाऊजींची मात्र कमाल आहे हं. कंबर धरली असतानाही."

आत छिउ खोकला. खोकल्यात किंचित अभिमान होता, असं छायफंगला नंतर कायम वाटत राहिलं.

"आणि ताई, नाचाची काळजी सोडा," फान पुढे म्हणाली. "अशा दिवसांत उड्या मारायच्या नसतात. पुढे मी उभी राहीन. तुम्ही आता वर्षभर घरीच."

छायफंगने हिशोब केला. खरं सांगितलं तर मागची रांग, नाही सांगितलं तर रांगच नाही. तेवढ्यात मानेपासून कपाळापर्यंत अशी वाफ चढली की ओसरीतल्या मांजरानेही जागा बदलली.

"बाळ नाही, वय झालंय," ती म्हणाली. "वाफा आहेत वाफा. तुझ्यासारख्याच."

फानने सूप खाली ठेवलं. "कधीपासून?"

"नववर्षापासून."

"रात्री पांघरूण लाथाडता?"

"पांघरूण आणि छिउ, दोघांनाही."

फान मनापासून हसली, आणि गल्लीला बातमी देण्यासाठी लगबगीने निघून गेली. सूप तिने नेलं नाही.

संध्याकाळी छायफंग मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. वारा खरंच बरा होता. पुढे लाल पंखा उघडून फान सूचन, गाणं सुरू झालेलं, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की इतकी वर्षं आपण छायफंगच्या पाठीकडे बघून नाचत होतो, आणि आता समोर फक्त बँकेची भिंत आहे. तिने मान मागे वळवली. तिच्यामागच्या रांगेने वळवली. मग त्यांच्यामागच्या रांगेने. बघता बघता सगळा चौक छायफंगकडे तोंड करून उभा.

छायफंगने रुमालाने कपाळ पुसलं आणि मुद्दाम एक पाऊल चुकीचं टाकलं. सगळ्यांनी टाकलं.