पत्रा कुठवर गेला

मे महिन्यातली दुपार होती, साडेचार वाजले असतील. शाळेला सुट्टी असल्यामुळे मी घरीच होते. आई बदलापूरला मावशीकडे गेली होती, त्यामुळे घरात मी आणि बाबा दोघंच. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. कॅम्प चार या वस्तीतल्या आमच्या दोन खोल्या इमारतीच्या सगळ्यात वर आहेत. त्यांच्यावर स्लॅब नाही, पत्रे आहेत, आणि ते बाबांनी स्वतःच्या हातानं बसवलेले.

आधी उजेड पिवळा झाला. खालच्या फर्निचरच्या कारखान्यातली कटरची घरघर थांबली, कारण लाइट गेली होती. मग मलंगगडाच्या बाजूनं वारा आला. पाच-दहा मिनिटं नुसतीच धूळ होती. त्यानंतर जे सुरू झालं ते वेगळंच होतं. कुणाच्या तरी टाकीचं झाकण आमच्या खिडकीसमोरून गरगरत गेलं. गच्चीकडचं दार कडीसकट थडथडू लागलं.

"खिडकीपासून लांब हो," बाबा म्हणाले आणि मोरीची खिडकी लावायला आत गेले.

मी खिडकीपासून लांब झाले आणि दारापाशी गेले. बाहेर काय चाललंय ते बघावं असं फार वाटलं. एवढंच. मी कडी काढली.

दार माझ्या हातातून सुटून भिंतीवर आपटलं. कानाला दडे बसले. पडदे, मच्छरदाणी, दोरीवरचे कपडे, सगळं एकदम वर ओढलं गेलं आणि डोक्यावर ट्रकमधून सळया ओतल्यासारखा आवाज झाला. मी वर पाहिलं तर तिथे आभाळ होतं.

"ओट्याखाली!" बाबा ओरडले. आम्ही दोघं ओट्याखाली शिरलो आणि गॅसच्या सिलिंडरला खेटून बसलो. समोर टेबलावर बाबांचा चहाचा कप होता. पलंगावरची चादर उडून गेली, पण तो कप जागचा हलला नाही. बाबा सारखे त्याच्याकडेच बघत होते.

मग वरून काहीतरी गोल गोल पडू लागलं. एक माझ्या गुडघ्याला चिकटलं. कच्चे, अर्धवट सुकलेले पापड! भिंतीवर, कपाटावर, जमिनीवर, जिकडेतिकडे पापड. बाबांनी एकाचा तुकडा तोडून तोंडात टाकला.

"मिरी जास्त आहे," ते म्हणाले. "सिंधी पापड."

वारा जसा आला तसाच गेला. पाऊस पडलाच नाही. खालच्या कारखानदारांनी ताडपत्री दिली, ती आम्ही वर बांधली. आठ पत्र्यांपैकी मोरीवरचे दोन तेवढे शिल्लक होते. सकाळपर्यंत पाच सापडले: तीन गल्लीत, एक समोरच्या गच्चीवर आणि एक विजेच्या तारांवर लटकलेला. दोन्ही खोल्यांमध्ये धुळीचा थर होता आणि आईची शिवणयंत्राची पेटी फुटली होती. आम्हाला मात्र खरचटलंसुद्धा नव्हतं.

"सहावा कुठंय?" बाबांनी विचारलं.

"सापडला तरी वाकलेलाच असणार, बाबा. काय करायचाय?"

"कुठवर गेला ते कळायला नको?"

आधी वारा नेमका कुठून आला ते बघायचं, असं त्यांनी ठरवलं. म्हणून थोडे पापड पिशवीत घेऊन आम्ही कॅम्प पाचच्या दिशेनं निघालो. बाबा दर गल्लीत थांबून मोडलेल्या फांद्या कुठे झुकल्यात ते बघत. मी वर गच्च्या बघत होते. तिसऱ्या गल्लीत एका गच्चीवर रिकाम्या खाटा उलट्या पडलेल्या दिसल्या. दारात साठीच्या एक सिंधी बाई झाडत होत्या. मी पिशवी उघडून दाखवली.

"आंटी, हे तुमचे?"

त्यांनी एक पापड उजेडात धरला आणि हसायलाच लागल्या. "मेरेच हैं! किधर मिले?"

"हमारे घर में. छत उड़ गई, तो अंदर आए."

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. त्यांचं अर्धं आयुष्य पत्र्याखाली गेलं होतं. पाणी देता देता त्यांनी विचारलं, "दरवाज़ा खुला था क्या? मेरे ससुर बोलते थे, तूफान में दरवाज़ा खोलो तो हवा अंदर घुसती है और छत को नीचे से धक्का देती है."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. बाबांनी फक्त पापडाला किती दिवस ऊन लागतं ते विचारलं.

तिथून आम्ही उलटे, वारा गेला त्या दिशेला, विठ्ठलवाडीकडे चालत गेलो. बस डेपोच्या पुढे एक चहाची टपरी होती. तिच्या एका बाजूला सुतळीनं बांधलेला पत्रा उन्हाला आडोसा म्हणून उभा होता. बाबा त्याच्याजवळ गेले आणि एका भोकात बोट घातलं. ते भोक थोडं तिरकं होतं. ड्रिल मशीन घसरल्याचं त्यांना इतक्या वर्षांनीही आठवत होतं.

चहावाले म्हणाले, "कल ऊपर से आया, चाचा. किसी को लगा नहीं, शुकर है."

आता बाबा पत्रा मागतील असं मला वाटलं. त्यांनी सुतळीची गाठ ओढून बघितली. "सुतली से नहीं चलेगा," ते म्हणाले. "तार से बांधो, नहीं तो फिर उड़ेगा."

परतताना माझ्याच्यानं राहवेना. "बाबा, दार मी उघडलं होतं."

"माहीत आहे."

"कसं?"

"हुक सगळे वरच्या बाजूला सरळ झालेत. आतून ढकलल्याशिवाय तसं होत नाही. आणि कडी वाकलेली नाही, म्हणजे दार आपोआप उघडलेलं नाही."

"मग कालच का नाही बोललात?"

ते थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय दिसलं?"

"काय?"

"दार उघडलंस तेव्हा. मी मोरीत होतो. मला काहीच बघायला मिळालं नाही."

मी सांगितलं. समोरच्या गच्चीच्या कठड्याबाहेर एक कबूतर होतं. ते पूर्ण जोर लावून उडत होतं, पण एकाच जागी होतं. पुढे नाही, मागे नाही. त्याच्या खाली गल्लीतली सगळी धूळ भिंतीसारखी उभी राहिली होती. मग ते मागे मागे सरकत गेलं, तोंड मात्र मलंगगडाकडेच.

"पंख हलवत होतं?"

"हो."

"आणि मागे जात होतं," बाबा म्हणाले. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी ते मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

पुढच्या आठवड्यात नवे पत्रे आले. या वेळी बाबांनी कडेच्या ओळीला दुप्पट हुक लावले आणि खाली रबरी वायसर घातले. गच्चीचं दारही बदलावं लागलं. सुताराकडून त्यांनी दारात वीतभर रुंद अशा दोन जाड काचा बसवून घेतल्या, एक त्यांच्या उंचीला आणि एक माझ्या.