मीटरकाकांचे बिघडलेले फोटो

मीटरकाकांची उभी हयात लोकांच्या भिंतींकडे बघण्यात गेली. त्यांच्या वाट्याच्या खेड्यांत कुणाचं विजेचं मीटर दाराआड, कुणाचं गोठ्यात, तर कुणाचं थेट न्हाणीघराच्या खिडकीशेजारी. काका चष्मा कपाळावर सरकवत, बाहीने काच पुसत आणि आकडा मोठ्याने वाचून लिहून घेत. कुत्रीसुद्धा त्यांच्यावर भुंकायची बंद झाली होती.

मग ऑफिसने मोबाइल दिला. नुसता फोटो काढायचा, आकडा मोबाइल स्वतः वाचणार. नाहीच वाचता आला, तर काकांनी हाताने टाकायचा.

"तुमचे फोटो बघून मशीन एकदा शिकलं की लोकच घरबसल्या फोटो पाठवतील," साहेब म्हणाले. "तुमची वणवण संपली."

वणवण संपली म्हणजे नोकरी संपली, हे कळायला काकांना शाळेत परत जायची गरज नव्हती. या वयात दुसरीकडे कोण उभं करून घेणार होतं?

काकांनी डोकं चालवलं. काच पुसणं सोडलं. फोटो कधी तिरका, कधी हललेला, कधी उन्हाची तिरीप बरोबर आकड्यावर. मशीनने हात टेकले की काका गालातल्या गालात हसत आणि आकडा हाताने टाकत. तो मात्र अगदी खरा. खोटा टाकायला बोटं धजावत नसत. चुकीचं बिल त्याच घरात जाणार, जिथे ते पाणी पिऊन निघाले होते.

एक दिवस साहेबांचं बोलावणं आलं. आपलं पितळ उघडं पडलं, असं समजून काका गेले. साहेबांनी चक्क खुर्ची दिली.

"काका, कमाल केलीत. बाकीच्यांचे फोटो स्वच्छ, त्यांतून मशीन काय शिकणार? तुमचे एकाहून एक वाईट, आणि सोबत खरा आकडा. त्यांच्यावरच ते तयार झालं. आता महिनाभर असेच काढा, की काम आटोपलं."

काका मनाशी हिशेब करत बाहेर पडले. फोटो साफ काढले तरी मशीनचंच काम होणार, बिघडवले तर ते आणखी हुशार होणार. उरली खोट्या आकड्याची वाट, आणि ती त्यांना जन्मात जमणारी नव्हती. आपणच आपल्याला कोंडून घेतलं, हे घरी येईपर्यंत त्यांना पुरतं कळलं.

"रागावले का हो साहेब?" काकूंनी विचारलं.

"नाही. कौतुक केलं."

"मग झालं तर. साहेब खूश आहेत म्हणजे नोकरीला मरण नाही," काकू म्हणाल्या आणि ताटं वाढायला वळल्या.