पॅनेलवरचा हार

लोणीला गेलं की वसंतमामा स्वागत एकाच वाक्यानं करायचे, "आधी उन्हातनं बाजूला व्हा, पावणं, मग बोला." विहिरीच्या कठड्यावर त्यांनी ताटाएवढं सोलर पॅनेल बसवलं होतं. मी पहिल्यापासून अंगानं भरलेला. मला म्हणायचे, "तू आलास की उन्हाला गिराण लागतं."

मामा एसटी डेपोतले निवृत्त इलेक्ट्रिशियन. पॅनेलखालच्या डब्यात काड्यापेटीहून जरा मोठा, हौशी पोरं घेतात तसला कॉम्प्युटर होता. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. पॅनेलच्या उन्हावर भरणाऱ्या बॅटरीवर तो दिवसरात्र, दर तासाला विहिरीचं पाणी मोजून टिपून ठेवायचा. गाव म्हणायचं, म्हाताऱ्याचं खेळणं.

खेळणं नव्हतं ते. विहीर भावकीत सामायिक. मामांच्या चुलतभावानं, आप्पांनी, तिच्यापासून चाळीस पावलांवर बोअर घेतलं होतं. बोअर चाललं की विहीर आटणार, हे मामांचं म्हणणं. आप्पा चारचौघांत बोलून बसले, "दसऱ्याच्या मुहूर्तावर मोटर सुरू करतोय. शेततळं भरंस्तवर तुमच्या मशिनीत पाणी उतरलेलं दिसलं, तर बोअर कायमचं बंद!"

नेमकं त्याच वेळी मामांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. तेवढे दिवस मी लोणीतच राहिलो; पुण्याला जाताना त्यांनी पॅनेल माझ्या हवाली केलं. "रोज फडक्यानं पुसायचं. उन्हाच्या पाया पडू नगं, नुसतं आडवा येऊ नगं."

खंडेनवमीला आम्ही विळ्या-कोयत्यांपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं पुजतो. मामांचं यंत्र तेवढं उपाशी कसं ठेवायचं? मी पॅनेलला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा तीनपदरी हार आडवा घातला. दसऱ्याचा हार गाडीवरनं आपण कुठं काढतो? तो वाळून आपला आपण गळतो. मी रोज इमानदारीत जायचो आणि हाराच्या भोवतीनं काच पुसून यायचो.

आठवड्यानं मामा काळा चष्मा लावून आले. हार आदल्या रात्रीच गळून पडला होता. त्यांनी डबा उघडला. बॅटरी केव्हाच मेली होती. पॅनेलच्या खाचेतली वाळकी पाकळी त्यांनी चिमटीत धरली.

"किती पदरी व्हता?"

"तीन."

"लई भक्ती केलीस, राव."

तोवर शेततळं काठोकाठ भरून आप्पांची मोटर बंद झाली होती आणि विहिरीचं पाणीही परत पहिल्या जागी चढलं होतं. भावकीच्या बैठकीत मामांनी यंत्रातल्या नोंदींचा कागद पसरला. आप्पांनी मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हे सात दिवस काय झालं, भाऊ? इहीर दसऱ्याच्या सुट्टीवर गेल्ती का?"

सगळे हसले. सांगायला लाज वाटते, पण सवयीनं मीही हसलो.

मामांनी कागदाची घडी घातली. "माझी चूक. बॅटरी बारकी घेतली." माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. तोंड उघडायला तेवढाच वेळ होता माझ्याकडं. मी चपला शोधत बसलो.

बोअर चालू राहिलं. होळीच्या आतच विहिरीचा तळ दिसला. मामांनी पॅनेल काढून माळ्यावर टाकलं. त्यानंतर मी कितीदा गेलो, उन्हात मुद्दाम आडवा उभा राहिलो. त्यांनी बाजूला हो म्हटलं नाही. वैशाखात ते गेले.

दहाव्याला फोटोला हार घालायला सगळ्यांनी मलाच पुढं केलं, लाडका भाचा म्हणून. झेंडूचाच होता. घातला, तो नेमका त्यांच्या डोळ्यांवर आला. आप्पा मागून म्हणाले, "असू दे, आता कोण बघतंय?"

मी हार खाली ओढला.